उत्तरेचा कडा

छोटीला खाणीत भूशास्त्रज्ञाची नोकरी लागली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद दाजींना झाला. ते त्याच खाणीत ड्रिल मशीन चालवायचे. "आता घरातही साहेब आणि कामावरही साहेब," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते.

आई गेली तेव्हा छोटी अजून शाळेत होती. ताईनेच तिला वाढवलं. ताईचं लग्न ठरलं तेव्हा तिने अट घातली, धाकटी माझ्याबरोबर येईल. दाजी म्हणाले, "एकीवर एक फुकट. मी कशाला नाही म्हणू?" ताईदाजींना मूलबाळ झालं नाही. छोटीच्या फिया, पुस्तकं, तिचं आजारपण, तिचे रुसवेफुगवे, सगळं त्या दोघांनी काढलं.

खाण कायनाइटची होती. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना ज्या विटा लागतात, त्यात हा दगड जातो. फिकट निळा, लांब पात्यांसारखे स्फटिक, एकमेकांत घुसलेले. दाजी म्हणायचे, या दगडाचा स्वभाव तुझ्या ताईसारखा. लांबीच्या बाजूने गेलं तर साध्या चाकूनेही ओरखडा उठतो, आडवं गेलं की चाकूच बोथट होतो. ताई ते ऐकून लाटणं उगारायची.

डोंगराची गोष्ट छोटीनेच त्यांना एकदा जेवताना सांगितली होती. कधीकाळी तो समुद्राच्या तळाचा चिखल होता. जमीन दुमडली, तो चिखल खोल खोल गेला, वरून ओझं आणि खालून उष्णता. त्या दाबाखाली चिखलाचा कायनाइट झाला. तेच घटक कमी दाबाखाली राहिले असते तर दुसराच दगड तयार झाला असता. आणि त्याच दाबाने अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेने निजवले, थरावर थर. उत्तरेच्या कड्यातले हे थर खाणीच्या बाजूला उतरते होते. उतरत्या टेबलावर कागदांचे गठ्ठे रचावेत तसे. म्हणून कड्याचा पायथा कापू नका, असं छोटी पहिल्यापासून सांगत आली होती. मॅनेजरने ते ऐकलंही होतं. पायथ्याशी निळा दगड सगळ्यांत चांगला होता, तरी तो कुणी तोडला नाही. दोष द्यायचा तर कुणाला द्यायचा, हा प्रश्न नंतर सगळ्यांनाच पडला.

त्या दिवशी सकाळी छोटीला कड्याच्या माथ्यावर एक फट दिसली. आदल्या दिवशी ती नव्हती. आत हात जात होता. तिने तिथूनच खाली निरोप धाडला की सगळ्यांना वर काढा. मुकादमाने माणसं वर आणली. दाजीही आले. मग मुकादम माणसं मोजत असताना ते म्हणाले, "मशीन तेवढं लांब नेऊन ठेवतो. ते गेलं तर नवीन येईपर्यंत बायकोसमोर बसून राहावं लागेल." लोक हसले, आणि दाजी उतारावरून खाली गेले.

कडा फार आवाज न करता सरकला. फटीपासून लांब वर उभ्या असलेल्या छोटीला आधी पायांखाली नुसती थरथर जाणवली. मग धूळ उठली, आणि धुळीत अभ्रकाचे कण चमकत राहिले. ते माणसांच्या केसांवर, खांद्यांवर बसले. खोलीएवढाले दगड एकमेकांवर पडले होते. लोकांनी हाका मारल्या, कान देऊन ऐकलं, पुन्हा हाका मारल्या. खालून ओ आली नाही.

पहारी, फावडी घेऊन माणसं खाली निघाली. सगळ्यांच्या पुढे मुकादम. छोटीने त्यांना थांबवलं आणि ती एकटीच पुन्हा माथ्यावर गेली. पडलेल्या थरामागे तसाच दुसरा थर उभा होता. त्याचा आधार आता निघून गेला होता, मागून पाणी झिरपत होतं, आणि माथ्यावर एक नवी बारीक चीर होती. ती खाली आली.

"कुणी जायचं नाही," ती म्हणाली.

"बाई, तुमचेच दाजी आहेत," मुकादम म्हणाला.

"माहीत आहे."

मॅनेजर म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. बाहेरून बचावाचं पथक आलं, दुर्बिणीतून कडा बघितला, उकरायला मशीन लावलं तर हादऱ्याने उरलेला कडा खाली येईल, असं त्या लोकांनीही सांगितलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते छोटीचं "नाही".

ताई आली ती पदर कमरेला खोचूनच. घरात काही सांडलं की यायची तशी. तिने विचारलं, कुठे आहेत? छोटीने बोट दाखवलं.

"मला त्यांचं तोंड तेवढं बघू दे."

"ताई, माणसं खाली पाठवली तर मागचा थर त्यांच्या अंगावर येईल."

"येईलच?"

छोटीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "येऊ शकतो."

"म्हणजे नक्की नाही."

"नक्की नाही."

"तू असतीस तिथे, तर मी नखांनी उकरलं असतं," ताई म्हणाली आणि उताराकडे चालू लागली. छोटीने तिला मागून धरलं. ताईने हात सोडवला, मारलं, ओरबाडलं. छोटीने मिठी सोडली नाही. शेवटी ताई तिथेच खाली बसली, आणि छोटी तिला धरून बसली.

दाजी तिथेच राहिले. खाण बंद झाली, पंप थांबले, तळाशी पाणी साचत गेलं. ते दगड हळूहळू पाण्याखाली गेले. माणसं दुसरीकडे कामाला लागली. छोटीलाही दूरच्या खाणीतून बोलावणं आलं होतं, पण ताई घर सोडेना, आणि ताईला सोडून छोटीला जाववेना.

उरलेला कडा मात्र पडला नाही. ताई रोज दुपारी कुंपणापर्यंत जायची. घरी आली की चपला काढता काढता म्हणायची, "उभा आहे अजून." दूधवाला येऊन गेला म्हणावं, तशा आवाजात. छोटी मान खाली घालून काम करत राहायची. कधी कधी तिला वाटायचं, पडावा एकदाचा, निदान आपलं खरं होतं हे तरी कळेल. मग त्या दगडांखाली कोण आहे ते आठवून तिची तिलाच लाज वाटायची. रोज थोडंथोडं मन मारत दोघी एका घरात राहत होत्या.

एका संध्याकाळी मुकादम भेटायला आला. सोबत बायको आणि मोठी झालेली मुलगी. ताईने चहा केला. मुकादमाने मुलीच्या नोकरीचं सांगितलं, ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. ते निघून गेल्यावर ताई मोरीत कपबशा विसळत बसली. पाण्याचा आवाज थांबला तेव्हा तिने विचारलं, "त्या दिवशी हाच सगळ्यांच्या पुढे होता ना?"

"हो," छोटी म्हणाली.

ताईने कप उपडे घातले, हात पुसले. "मुलगी बापावर गेलीय," एवढंच म्हणाली.

त्यानंतरही ती कुंपणाकडे जात राहिली. पण घरी आल्यावर कड्याचं काही सांगेनाशी झाली, आणि छोटीनेही कधी विचारलं नाही.