नणंदेच्या घरची झोप

नवऱ्याच्या गालावर वेताच्या विणीची नक्षी उमटली होती. कानापासून हनुवटीपर्यंत बारीक चौकडी, चांगली खोल. अशी नक्षी पाच मिनिटं टेकल्यानं उमटत नाही. त्यासाठी माणसाला तोंड उघडं टाकून, कूस न बदलता झोपावं लागतं. आणि आमच्या घरात वेताचं काहीही नाही.

"कुठं होतास?" मी विचारलं.

"ताईकडे जरा टेकलो होतो. यार्डापासून जवळ पडतं ना."

"जरा?"

"हो, डोळा लागला वाटतं."

वाटतं म्हणे! एरवी सकाळी दारातच जबडा निखळेल अशी जांभई देणारा माणूस त्या दिवशी भर दुपारी शीळ घालत जिना चढला होता. मी जेवण वाढलं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परकी बाई असती तर निदान भांडून मोकळी झाले असते. थोरल्या नणंदेशी भांडायचं म्हणजे कारण तसंच सबळ हवं. "माझ्या नवऱ्याला तुमच्याकडे झोप का लागते?" असं विचारायला गेले असते तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

नवरा मालाच्या यार्डात क्रेन चालवतो. रात्रपाळीला. रात्रभर उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये एकटा बसून ट्रकवरचे लोखंडी डबे उचलायचे आणि रचायचे, आणि सकाळी घरी येऊन झोपायचं. यातलं पहिलं काम तो डोळे झाकून करतो. दुसरंच जमत नाही. त्याची पाळी कायमची रात्रीची झाली आणि झोप जी गेली ती गेलीच. मग एकदा पहाटे खरोखरच डोळे झाकले गेले. हातातला दांडा तसाच राहिला, वरचा डबा झोके घेत गेला आणि फाटकाचा खांब वाकवून थांबला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. सुपरवायझरनं त्याला बोलावून सांगितलं, "आणखी एकदा असं झालं तर खाली उतरायचं. कायमचं. मग यार्डात दोर बांधत बसायचं." घरी येऊन त्यानं मला हे दोनदा सांगितलं. दोर बांधण्यात काही कमीपणा नाही, पण वीस वर्षं वर बसलेल्या माणसाला खाली उतरवलं तर तो खचतो. माझ्या नवऱ्याला मी ओळखते.

म्हणून मी कंबर कसली. दुधात जायफळ उगाळून दिलं. अंघोळीला कढत पाणी, मग कोमट पाणी, मग पुन्हा कढत. संध्याकाळनंतरचा चहा बंद केला, तर यार्डात जाऊन दुप्पट प्यायला लागला, म्हणून घरातला पुन्हा चालू केला. शेजारणीनं केळं सांगितलं, केळं दिलं. औषधाच्या दुकानातल्यानं कानात घालायचे बोळे दिले. कुणीतरी सांगितलं की शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावा. मोजायला लावले. बावन्नपर्यंत नीट आला आणि ताडकन उठून बसला. "बावन्न नंबरच्या ट्रकचं काय झालं, सांगितलं का तुला?" ते ऐकता ऐकता माझी हसून पुरेवाट झाली आणि दुपारचे बारा वाजले.

आणि पडदे. मी पडदे शिवते. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, शाळेच्या सभागृहाचेसुद्धा. त्याच्या खोलीला मी दुहेरी अस्तराचे, जमिनीपर्यंत लोळणारे असे पडदे केले की भर दुपारी आत स्वतःचा हात दिसू नये. तो घरी असला की शिलाई मशीनला हात लावत नव्हते. पायथ्याशी बसून त्याच्या तळव्यांना तेल चोळायचे. तेल चोळताना तो रात्रीचं सगळं सांगायचा. कुत्र्याला सलाम ठोकणारा वॉचमन, उलटा ट्रक घालून स्वतःच अडकलेला नवशिका ड्रायव्हर, वरून दिसणारी एका खिडकीतली बाई जी रोज पहाटे कुणाशीतरी हातवारे करून भांडते आणि समोर कुणीच नसतं. सांगायचा असा की मीच वर बसलेय असं वाटावं. मला वाटायचं, बोलून मन हलकं झालं की लागेल डोळा. लागायचा नाही.

आणि नणंदेकडे लागत होता. आठवड्यातून दोनदा, तीनदा.

मी फोनवर चौकशी केली. अगदी साखर पेरून. "ताई, काय करता हो तुम्ही? मलाही शिकवा."

"काही नाही गं. येतो आणि झोपतो."

म्हणे काही नाही! मी उशी मागून आणली. "मान अवघडते त्याची, तुमची उशी त्याला मानवते वाटतं," असं म्हणून. कापसाची, चपटी, डाग पडलेली उशी. तिच्यावर माझा नवरा सकाळभर डोळे टक्क उघडे ठेवून बोलत राहिला. तो ज्यावर झोपायचा तो वेताचा कोच तर मी मागू शकत नव्हते. मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नणंद निवृत्त नर्स. जन्म दवाखान्यात गेलेला. कपाटात गोळ्यांचा साठा. देत असणार चहातून! आणि वर नाव कुणाचं होणार? बहिणीच्या मायेचं. आणि त्या गोळीच्या अमलात हा रात्री क्रेनवर चढला तर? मला भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त आनंद झाला हेही खरं. आता कारण सबळ होतं.

दुसऱ्याच सकाळी तो वेळेवर घरी आला नाही तेव्हा मी चपला घातल्या आणि निघाले.

नणंदेचं घर एका गॅरेजच्या वर आहे. खाली दोन जण गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकत होते. जिन्यात माझे कान बधिर झाले. दार उघडंच होतं. आत पाहिलं तर माझा नवरा वेताच्या कोचावर, पाय बाहेर लोंबकळत, बूटसुद्धा न काढता झोपलेला. खिडकीला पडदा नाही. ऊन थेट तोंडावर. हातोडा पडला की कोच हादरायचा, आणि हा घोरत होता. माझ्या दुहेरी अस्तराच्या पडद्यांचा इतका मोठा अपमान कुणी केला नसेल. त्याला गदागदा हलवून जागं करावं असं मला वाटलं. हात पुढेही झाला होता.

नणंदेनं मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. ती मटार सोलत होती.

"कुठली गोळी देता त्याला?" मी बसलेसुद्धा नाही.

"गोळी?"

"चहातून देता की पाण्यातून? त्याला रात्री वर चढायचं असतं, ताई. माणूस मरेल एखादा."

मला वाटलं, ती चिडेल. जन्मभर लोकांना मोजून औषधं दिलेली बाई. तिनं शेंग तशीच हातात धरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, चहा तरी घेतो का तो माझ्याकडे?" ती म्हणाली. "दार उघडते. आत येतो. 'ताई, बरी आहेस ना' म्हणतो, आणि मी बरी आहे की नाही हे सांगायच्या आत झोपलेला असतो. मी इथं बसते. वाटतं, उठेल, चार शब्द बोलेल. उठतो, तोंड धुतो, आणि 'निघतो, ती वाट बघत असेल' म्हणून जिना उतरतोसुद्धा."

मी बसले.

"लहानपणी आम्ही याला रेडिओ म्हणायचो," ती म्हणाली. "बंदच व्हायचा नाही. सगळं मला सांगायचा. शाळेतलं, रस्त्यावरचं, आईला न सांगण्यासारखं. तू आलीस आणि रेडिओ तुझ्या घरी गेला. तू फोन करून सांगतेस ना, आज हे म्हणाला, काल ते म्हणाला. मी हसते. फोन ठेवला की चांगलीच जळते, खोटं कशाला बोलू! माझ्यापाशी सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नाही, म्हणून झोपतो तो इथं. त्यात माझी कसली करामत?" तिनं शेंग फोडली. "तूच सांग. तू काय देतेस त्याला? बोलायला?"

खरं सांगते, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लग्नातसुद्धा झाला नव्हता. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती! माझ्याकडे तो जागा राहतो. माझ्यासाठी! मी तिच्याबरोबर अर्धे मटार सोलले, गोळीबद्दल माफी मागितली, चहा प्यायले. तिचं मन राखायला "दमलेला असतो हो" असंही म्हटलं. आणि तोऱ्यात जिना उतरले.

गॅरेजच्या दारापर्यंत तोरा टिकला. मग कळलं. ताईकडे तळव्यांना तेल नाही, दूध नाही, आकडे नाहीत, तरी तो झोपतो. त्याला जागं ठेवणारी मीच होते. रात्रभर काचेत एकटा बसलेला माणूस तोंडात गोष्टी भरून घरी येत होता आणि मी पायथ्याशी बसून "मग? मग काय झालं?" असं विचारत होते.

यावर सोपा इलाज होता, मला दिसत होता. रोज ताईकडेच झोप म्हणायचं. झोप तिथं, आणि उठल्यावर बोलणं इथं. पण मग ती रोज दार उघडणार, रोज त्याला झोपलेला बघणार. शेजारीपाजारी म्हणणार, बायकोकडे झोप नाही लागत हो त्याला. हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. झोपायचंच असेल तर माझ्या पडद्यांआड झोपेल.

दुसऱ्या दिवशी मी त्याला यार्डाच्या फाटकावरूनच घेऊन आले. घरी आल्याबरोबर त्यानं बूट काढले आणि तोंडभर हसला. मला ते हसू माहीत होतं. "अगं, आज काय झालं माहितेय? तो वॉचमन..."

"झोप आधी," मी म्हणाले.

"अगं, ऐक तर! तो वॉचमन शिडी लावून वर..."

"मला खूप काम आहे. उठल्यावर सांग."

तो बघत राहिला. हसू अजून तोंडावर होतं, पण त्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मी तेलाची बाटली घेतली नाही. खोलीचं दार लावून घेतलं, बाहेर मशीनवर बसले आणि सरळ शिवायला लागले. मशीनचा खडखडाट, तरी आतून थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. मी टीप मारत राहिले. नंतर बघितलं तर शाळेच्या पडद्याची पट्टी उलट्या बाजूनं शिवली होती. सगळी उसवावी लागली.

दुपारी उठला. डोळे स्वच्छ, गाल फुगलेले, लहान मुलासारखा. मी ताट वाढलं आणि समोर बसले.

"हं, सांग. वॉचमन शिडी लावून वर चढला, मग?"

त्यानं घास थांबवून आठवून बघितलं. "काय बरं... राहू दे. फार काही नव्हतं." आणि आमटी मागितली.

आता तो रोज घरीच झोपतो. सुपरवायझर परवा म्हणाला, खांब सरळ करून घेतलाय, विसरा झालेलं. नवऱ्यानं मला हे एका वाक्यात सांगितलं. मी विचारते, तो आठवायचा प्रयत्न करतो, बिचारा खरंच करतो. पण झोपून उठलेल्या माणसाला रात्रीचं सगळं किरकोळ वाटतं. पहिले काही दिवस दारात आल्यावर त्याच्या ओठांवर काहीतरी यायचं. हल्ली येत नाही. बूट काढतो आणि आत जातो.

काल दुपारी नणंदेचा फोन आला. तो आत झोपला होता, म्हणून मी हळू आवाजात बोलले.

"हल्ली इकडे फिरकत नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे लागते का झोप?"

"छान लागते. गाढ."

"बरं झालं बाई. आणि बोलतो का?"

खरं सांगायला काय हरकत होती? दोघी सारख्याच झालो असतो. पण माझ्या जिभेला ते जमेना.

"बोलतो की," मी म्हणाले. "कान किटतात माझे."

"आज काय म्हणाला?"

मी बंद दाराकडे बघितलं. मग तिला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आजची म्हणून सांगितली, क्रेनच्या टोकावर घरटं बांधणाऱ्या कावळीची. अगदी त्याच्या आवाजात, तो जिथं थांबायचा तिथं थांबून. ती खूप हसली. हसणं आवरल्यावर तिनं विचारलं, "मग? मग काय झालं?"