मी वॉशर नाही!

मित्रांनो, मी एक जुने नाणे आहे. रुपयाएवढे, कांस्याचे, कडेला वेडेवाकडे, आणि पोटात चौकोनी भोक. हे भोक कुणी पाडलेले नाही. मी ते घेऊनच जन्मले, आणि त्याची मला लाज नाही!

दूर देशातल्या पंजीकेंट गावाजवळच्या टेकडीवर फार पूर्वी मोठे शहर होते. तिथे साच्यात वितळलेले कांसे ओतून मला घडवले. लोक आम्हाला दोरीत ओवून कमरेला बांधत. माझ्या बदल्यात कुणी द्राक्षे नेली, कुणी गाढवाचा चारा. मग शहर जळाले आणि मी शेकडो वर्षे मातीखाली पडून राहिले.

त्याच भागातल्या सफरगुल नावाच्या बाईच्या आजोबांच्या नांगराला मी लागले. तिच्या आजीने मला राखेने खसाखसा घासले आणि चांदीच्या नाण्यांच्या माळेत ओवले. मी चकाकले खरे, पण तोंडावरची निम्मी अक्षरे गेली. मला ओरडता आले असते, तर सारे गाव गोळा केले असते!

ती माळ आता सफरगुलच्या लेकीला, मेहरंगेजला, लग्नात मिळायची होती. होणारी सासू ओयनिसो चहाला आली, तेव्हा मला बोटाने टोचत म्हणाली, "विहीणबाई, पोरीच्या गळ्यात ट्रॅक्टरचा वॉशर? आमच्याकडे चार माणसं येतात हो. काढून टाका हे."

सफरगुलचा चेहरा पडला. मेहरंगेज मात्र फणकारली, "आई, हे आहे तरी काय, ते आधी कळू दे. मग बघू."

दुसऱ्या दिवशी मायलेकी मला घेऊन बाजारात गेल्या. जुन्या वस्तू विकणाऱ्या रजबअलीने मला चक्क दाताने चावून पाहिले.

"खोटं आहे, मावशी. असल्या चकत्या पोत्यानं पडल्यात. ठेवून जा, वाटलं तर दोन खरबुजं न्या."

"खोटं आहे, तर खरबुजं कशाची?" सफरगुलने विचारले.

"तुमची दया आली म्हणून."

"मग दया ठेव तुझ्याकडेच. पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल!" सफरगुलने मला मुठीत आवळले आणि ती तडक संग्रहालयात गेली.

तिथे जुनी नाणी पारखणाऱ्या परविनाबाईंनी मला खरवडले नाही की चोळले नाही. कडेने धरले, तोलले, लोहचुंबक लावला. लोखंडी वॉशर असता तर चिकटला असता. मी ढिम्म हलले नाही! मग भिंगाखाली धरून त्या बराच वेळ अक्षरे लावत बसल्या.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "तेराशे वर्षांचं. ही बघा राजाच्या नावाची शेवटची अक्षरं."

"मग मोल पुष्कळ येईल?"

"नाही, मावशी. अशी नाणी इथं बरीच निघालीत, आणि हे तर घासलेलं. नाव पुरतं असतं तर गोष्ट वेगळी. आता फार तर एक मेंढी येईल. तीही रोड."

सफरगुल खट्टू झाली. मेहरंगेज मात्र हसत होती.

लग्नाच्या दिवशी तिने मला चांदीच्या नाण्यांच्या बरोबर मधोमध बसवले. ओयनिसोने ओठ मुरडले. "किती किंमत निघाली म्हणे?"

"एका रोड मेंढीची," मेहरंगेज म्हणाली. "पण वय तेराशे वर्षं. आमच्या घरी म्हातारं माणूस आलं की उठून उभं राहतात, सासूबाई. तुमच्यात काय करतात?"

पुलावाची परात घेऊन आलेल्या बायका जागीच थबकल्या. एक आजी खुदकन हसली. ओयनिसो गुडघ्यावर हात टेकून उठली, जवळ आली आणि माळेत उलट्या फिरलेल्या मला तिने स्वतःच्या हाताने सरळ केले.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे विचित्र नाणे असेल, तर राख-लिंबू घेऊन त्याच्या मागे लागू नका. ते कुठे सापडले ते लिहून ठेवा, जाणत्या माणसाला दाखवा. मोल कमी आले तर येऊ द्या, आम्ही त्याने खचत नाही. पण आमचा चेहरा पुसू नका. तो पुन्हा घडवणारा कारागीर आता कुठून आणाल?