डाळ शिजणारं पाणी

कमल गेली तेव्हा अभिमनभाऊ रडले नाहीत, ही गोष्ट क्वार्टर्समधल्या बायकांच्या मनाला फार लागली होती. बाई एवढी जीव लावणारी, आणि हा माणूस दहाव्याला पाहुण्यांना बसच्या वेळा सांगत हिंडतो! कुणी म्हणालं, दगड आहे. कुणी म्हणालं, आतल्या आत कुढत असेल बिचारा. खरं सांगायचं तर दोन्ही नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात आणि अर्धा जबडा आपला राहत नाही, तसं त्यांचं झालं होतं. दिवाळीनंतर ती गेली, होळी तोंडावर आली, तरी ती सुई काही उतरली नव्हती.

धुळ्याबाहेर सोनगीरच्या रस्त्याला एका संस्थेचं मेडिकल कॉलेज आहे, त्याला जोडून दवाखाना, होस्टेलं आणि मागे नोकरांचे क्वार्टर्स. अभिमनभाऊ तिथले मेंटेनन्स सुपरवायझर. आयटीआय झालेला फिटर, पण संस्था माळावर उभी राहिली तेव्हापासूनचा माणूस, म्हणून बॉयलर हाऊस आणि एसी प्लांट दोन्ही त्यांच्या ताब्यात. बॉयलरची वाफ धुलाईला, स्वयंपाकघराला आणि ऑपरेशनची हत्यारं उकळायला लागे. एसी प्लांट ऑपरेशन थिएटर थंड ठेवी. एवढ्या पसाऱ्याचं पाणी कसं असावं हे बघणं हे त्यांचं काम, आणि कमल गेल्यापासून ते त्यांनी सोडूनच दिलं होतं. मुद्दाम नाही. कौतिक हा बॉयलरवरचा माणूस येऊन सांगायचा, ते मान हलवायचे आणि विसरून जायचे.

व्हायचं तेच झालं. थंडीत बॉयलरची नळी फुटली. कापून पाहिली तर आत चुन्याचा बोटभर जाड थर. दोन दिवस ऑपरेशनं बंद राहिली. सेक्रेटरीसाहेब चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, "भाऊ, आता हे आपल्या आवाक्यातलं नाही. सगळ्या कॅम्पसच्या पाण्याचा ठेका देऊन टाकू. बॉयलर, एसी प्लांटचा कूलिंग टॉवर, सगळं. माणूस तुम्ही निवडा, तुम्ही लिहाल त्यावर मी सही करतो."

अभिमनभाऊ हो म्हणाले. तेव्हा ते सगळ्यालाच हो म्हणत.

इथे पाण्याची थोडी हकिकत सांगायला हवी. माळावरच्या बोअरचं पाणी असं जड की साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरी पुटं चढतात. लग्न होऊन कमल क्वार्टरमध्ये आली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी चुलीसमोरून म्हणाली होती, "आयकं का? या पानीमा डाय शिजत नही." तासभर उकळूनही डाळीचे दाणे टणक. भाऊ हसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉयलर हाऊसमधून सॉफ्टनरचं पाणी हंडाभर आणलं. सॉफ्टनर म्हणजे एक मोठी टाकी. तिच्यात माशाच्या अंड्यांएवढे पिवळे दाणे असतात, ते पाण्यातला चुना धरून ठेवतात. मग अधूनमधून मिठाचं पाणी सोडून ते दाणे धुवायचे, की पुन्हा ताजे. त्या पाण्यात डाळ अशी शिजली की रवी लावायची गरज पडली नाही. कमल इतकी खूश झाली की भाऊंनी तो हंडा पुढे कधी चुकवला नाही.

आमच्याकडे बाप्यामाणसाने खांद्यावर हंडा घेऊन चारचौघांतून चालायचं म्हणजे टिंगलीला आमंत्रणच. वॉर्डबॉय त्यांना पाणक्या म्हणत. भाऊ ऐकून घेत आणि मनातून फुलत. पुढे कमलच त्यांच्या मागे लागली की मला एकटीलाच का, बाकीच्या बायकांनाही द्या. मग त्यांनी बॉयलर हाऊसच्या बाहेरच्या भिंतीला एक तोटी काढून दिली. तिला बायका अक्काची तोटी म्हणत. अक्का म्हणजे कमल.

आणि याच कमलला पुढे बीपी निघालं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. बाई शब्दाची पक्की. भाजी अळणी, वरण अळणी, लोणच्याकडे बघायचं नाही, पापड शेजारणींना वाटून टाकलेले. एका घरात दोन चवी कशाला, म्हणून भाऊही अळणीच जेवू लागले. दिवाळीत पाहुण्यांच्या ताटात शेव वाढताना तिने एक काडी उचलली, नुसती हुंगली आणि परत ठेवली. भाऊंनी ते पाहिलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि आपल्याच दवाखान्यात ती गेली. बीपी काही केल्या खाली आलं नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले.

तर ठेक्यासाठी दोघे आले. एक इंदूरचा तरुण, टाय लावलेला, चकचकीत पुस्तिका घेऊन. त्याने बॉयलरकडे लांबूनच पाहिलं आणि सगळं होऊन जाईल म्हणाला. दुसरे जळगावचे जवरीलालशेठ, साठीच्या घरातले, धोतर आणि वर काळा कोट. कारखान्यांना पाण्याची औषधं पुरवायचा त्यांचा जुना धंदा. आल्या आल्या त्यांनी चहा नको म्हटलं आणि पिशवीतून काचेच्या बाटल्या काढल्या.

बोअरच्या पाण्यात त्यांनी थेंब टाकले, पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं. नळी फुटल्यापासून कौतिक सॉफ्टनरचे दाणे वेळेवर धुवायचा; त्या पाण्यात तेच थेंब टाकले, ते निळं झालं. "हे बरं आहे, चुना नाही," शेठ म्हणाले. एवढ्यात त्यांचं लक्ष बाहेरच्या तोटीकडे गेलं. दोन बायका कळशा भरत होत्या. त्यांतली एक कौतिकची आई, भिकुबाई.

"हे पाणी कशाला नेतात?"

कौतिक कौतुकाने म्हणाला, "क्वार्टरन्या बठ्ठ्या बाया आठूनच लई जातस, शेठ. डाय कशी लोनीना मायक शिजस!"

"पितात पण हेच?"

"पेतस ना. गोड शे."

शेठ बाटल्यांची बुचं लावत म्हणाले, "मग भाऊसाहेब, ती तोटी बंद करावी लागेल. माझी पहिली अट तीच. ते दाणे चुना फुकट धरत नाहीत. तुम्ही मिठाचं पाणी घालता ना? त्यातला सोडियम दाण्यांत बसतो आणि चुन्याच्या बदल्यात पाण्यात उतरतो. जेवढं पाणी जड, तेवढा तो जास्त. जिभेला कळत नाही, पण असतो. बॉयलरला चालतं. ज्याचं मीठ डॉक्टरने बंद केलंय, त्याला हे पाजायचं नाही."

अभिमनभाऊ कोपऱ्यातल्या मिठाच्या पोत्यांकडे बघत राहिले. ती पोती तेच मोजून उतरवून घेत. त्यांना वाटे, मीठ दाणे धुतं आणि सगळं गटारात जातं.

"कूलिंग टॉवरला शेवाळ फार धरतं," ते म्हणाले. "त्याला काय टाकता तुम्ही?"

शेठ सांगत राहिले. भाऊंनी सगळं ऐकलं, मध्येच एकदोन बरोबर प्रश्नही विचारले, आणि शेठना धुळे स्टँडवर सोडायला जीप मिळवून दिली.

दुसऱ्या दिवशी ते कमलच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चष्मा काढला. पाणी कुठलं पिता हे विचारायचं त्यांच्याही कधी मनात आलं नव्हतं. "त्यानेच झालं असं कुणी सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "बीपीला वीस कारणं असतात. काही भर पडली असेल. मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घ्यायला मन जागेवर हवं ना! भाऊ बरं म्हणून उठले. पायऱ्या उतरताना त्यांना एवढंच दिसत होतं की इंदूरच्या माणसाने तोटीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याला ठेका दिला तर तोटी राहील. बायका अक्काचं नाव घेऊन पाणी भरतील. आपण हंडा वाहणारा चांगला नवरा राहू, आणि कुणाला काही कळणार नाही. जवरीलालना दिला तर तोटी बंद होणार, आणि का बंद झाली ते सांगावं लागणार. न सांगता बंद केली तर बायका कौतिकच्या मागे लागून आतून पाणी नेतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते असे चालले होते तेव्हा दवाखान्याच्या दारातून भिकुबाई बाहेर आली. हातात गोळ्यांची पुडी. "काय निघालं, माय?" त्यांनी विचारलं.

"तेच. बीपी. मीठ बंद सांगं शे." ती हसली. "आते मीबी कमलबाईना मायक अळनी खासू." आणि वाटेत तोटीवर ठेवलेली आपली भरली कळशी उचलून कमरेवर घेऊन ती गेली.

भाऊ ऑफिसात आले आणि सेक्रेटरीसाहेबांच्या कागदावर जवरीलालशेठचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

शेठची माणसं आली त्या सकाळी तोटीपाशी बायका जमल्या. पाना लागला, तोटी निघाली, तिच्या जागी लोखंडी बूच बसलं. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अक्का गई, आते तिनं पानीबी गयं. रडनाबी नही हाऊ मानूस."

भाऊ वळले. घसा साफ केला आणि ऑफिसात बोलतात तशा मराठीत बोलू लागले. या पाण्यात मीठ उतरतं, ते जिभेला लागत नाही, बीपीच्या माणसाला ते वाईट, आतूनही कुणी न्यायचं नाही, पिण्याच्या पाण्याचा टँकर संस्था देणार आहे. सूचना वाचून दाखवावी तसं त्यांनी सगळं सांगितलं. भिकुबाईच्या ते हळूहळू डोक्यात उतरत होतं. तिने कळशी खाली ठेवली.

"मंग तिनी इतला वरीस अळनी कसाले खादं, भाऊ?"

पाना घेतलेला माणूस थांबला.

"माले माहीत नव्हतं, माय," अभिमनभाऊ म्हणाले. "पानी मीच आनेल शे."

ते घरी आले. संध्याकाळी नेहमीसारखा स्टोव्ह पेटवला आणि डाळ टाकली. टँकर अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे पाणी बोअरचं. अंधार पडला. पाणी आटलं, पुन्हा घातलं. त्यांनी चमच्यावर दाणा घेऊन बोटांनी दाबला. टणक. पुन्हा वाट पाहिली, पुन्हा दाबला. मीठ घालायचं त्यांच्या मनातही आलं नाही, अळणीची इतकी सवय झाली होती. आणि मग चमचा हातात तसाच धरून, आत कुणी तांदूळ निवडत बसलं असावं अशा सहज आवाजात ते म्हणाले, "आयकं का? या पानीमा डाय शिजत नही."

उत्तर आलं नाही. ते थोडा वेळ थांबले, कारण नेहमी यायचं. मग त्यांना कळलं.

भिंतीला भिंत लागून कौतिकचं घर. तो आवाज ऐकून कौतिक ताटावरून उठला आणि दाराकडे निघाला. भिकुबाईने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे त्यासले," ती म्हणाली. तिचं स्वतःचं जेवण तसंच पडलं होतं. रडण्याचा आवाज थांबेपर्यंत मायलेकांपैकी कुणीच जेवलं नाही.