घोटामागे एक शब्द

साहेब, ज्या बाईने माझ्या बापाला वाचवलं तिला तुम्ही रुग्णालयातर्फे कारणे दाखवा नोटीस दिलीत. आणि ज्याने त्याला चहात बुडवायला घेतलं होतं त्याच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात ‘रुग्णाचा नातेवाईक’ असा पास अडकवलात. चुकीच्या माणसाला धरलंत. मी शाळा अर्धवट सोडलेला नळ मिस्त्री आहे, गोड लिहिता येत नाही. झालं ते तसंच लिहितो.

माझे वडील, आबा, हेही नळ मिस्त्रीच. चाळीस वर्षं त्यांनी पाइप टाकले आणि त्यातली वीस मला शिव्या घातल्या. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं. शिव्या शाबूत राहिल्या, जरा बोबड्या झाल्या एवढंच. सहाव्या दिवशी तुमचे डॉक्टर म्हणाले, “आता तोंडाने सुरू करा,” आणि पुढच्या खाटेकडे गेले. कसं सुरू करायचं, ते सांगायला कोणी थांबलं नाही. सिस्टर एक, खाटा चाळीस. तिला मी काय बोलणार?

मग मी माझी अक्कल चालवली. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की, उतार दिला की पाणी जातं. आबांना उताणं निजवलं, मान मागे केली आणि चमच्याने चहा सोडला. आबा खोकायला लागले, डोळे पांढरे केले. मला वाटलं, उतार कमी पडला. मान आणखी मागे केली.

“ए मिस्त्री, ठेव तो चमचा.”

शेजारच्या खाटेखालची फरशी पुसणारी मावशी होती ती. फडकं टाकून आली, आबांना उठवून बसवलं, पुढे झुकवलं, तोंडातला चहा बाहेर काढला आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टरने छाती तपासली, काही वेळ तोंडाने सगळं बंद ठेवलं. मग आबांना ताठ बसवून चमचाभर पाण्यावर गिळणं पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, तुम्ही याला नीट दाखवा. मला तिकडे सलाइन लावायचंय.” हे वाक्य लक्षात ठेवा साहेब, पुढे लागेल.

मावशी म्हणाली, “तुझ्या भाषेत सांगते. गळ्यात दोन पाइप. एक पोटाकडे, एक फुप्फुसाकडे. मधे झाकण. झटका आलेल्या माणसाचं झाकण उशिरा पडतं. तू मान मागे टाकलीस आणि नको ती लाइन सताड उघडलीस. माणूस ताठ बसव, हनुवटी छातीकडे. अर्धा चमचा, धडधाकट बाजूने. गिळलं की काहीतरी बोलायला लाव. आवाज घरघरला तर थांब, साफ आला तर पुढचा घोट.”

“काय बोलायला लावू?”

“त्यांना येतं ते.”

आबांना येतं ते तुम्हाला सांगितलंच. पातळ चहा झाकण पडायच्या आत घसरतो, म्हणून सिस्टरने दिलेल्या पुडीने तो दाट केला. घोट. “हा चहा की सिमेंट?” आवाज साफ. घोट. “गाढवा.” साफ. घोट. “उतार माझ्याकडून शिकलास, आणि माझ्यावरच...” इथे घरघर आली.

“बस,” मावशी म्हणाली. “उरलेल्या शिव्या संध्याकाळी. आता गालात काही साठलंय का बघ, आणि अर्धा तास आडवं करायचं नाही.”

तीन आठवडे असेच गेले. आबांची छाती स्वच्छ राहिली, माझी इज्जत राहिली नाही. बाकीच्या खाटांचे लोकही मावशीला विचारायला लागले आणि नेमकी तेव्हाच तुमची नोटीस आली, ‘कक्षसेविकेने अधिकार नसताना रुग्णांना सूचना दिल्या.’ निवृत्तीला आठ महिने राहिलेली बाई ती. सिस्टरने लेखी दिलं की मीच सांगितलं होतं. तो कागद तुम्ही चौकशीच्या टेबलावर उलटा करून ठेवलात, मी पाहिलं.

चौकशीला मी आबांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आलो. तुम्ही मावशीला विचारलंत, “तुम्हाला हे कोणी शिकवलं?”

“साहेब, एकोणतीस वर्षं फरशी पुसते. कान बंद करून पुसत नाही.”

“नियम माहीत आहे ना?”

तेव्हा आबांनी डाव्या हाताने तुमच्या कपाकडे बोट केलं. शिपाई दुसरा कप घेऊन आला, मी खिशातली पुडी त्यात ढवळली. हनुवटी खाली, घोट. “मावशी हुशार.” साफ. घोट. “मुलगा गाढव.” साफ. शिपाई हसला. तुम्हीही हसलात, नाही म्हणू नका. मग फाइल मिटून म्हणालात, “निर्णय कळवू.”

बारा दिवस झाले. आबांना व्यायामाला आणतो तेव्हा वॉर्डात डोकावतो. मावशी तोंड मिटून फरशी पुसते. काल नऊ नंबरच्या खाटेवर एक मुलगी आईची मान मागे करून पाणी पाजत होती. मावशीचं फडकं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी धावलो, म्हातारीला बसवलं, दोन पाइपांची गोष्ट सांगितली. मागे मावशी फरशी पुसत मान हलवत होती, बरोबर, बरोबर, हनुवटी अजून खाली. मला नोटीस देता येत नाही, मी तुमचा नोकर नाही. म्हणजे तुमच्या वॉर्डात गिळायचं कसं हे आता नळ मिस्त्री शिकवतो, आणि जिला येतं ती गप्प आहे.

हे लिहिताना आबा शेजारी चहा घेत होते. विचारलं, “साहेबांना शेवटी काय लिहू?”

त्यांनी हनुवटी खाली केली, गिळलं, थांबले.

“विचार, मावशीने बोलायचं की नाही.”

आवाज साफ होता, साहेब. आता तुमचा ऐकू द्या.