मागचा उजवा

मागचा उजवा स्पीकर मुका झाला, तेव्हा मी आधी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि मग रिसीव्हरला चार. रिसीव्हर म्हणजे टीव्हीखालचं ते काळं धूड, आवाजाची वाटणी करून पाच स्पीकरांना देणारं. आमच्या ह्यांनी ते घरात आणलं तेव्हापासून मी त्याला माझी सवतच म्हणत आले. माझ्यासाठी साडी घ्यायला गेले की हे पाऊण तासात परत. स्पीकरची वायर आणायला गेले की दिवे लागले तरी पत्ता नाही.

हे गेले आणि सवत माझ्या गळ्यात मारून गेले. सुरुवातीला मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका संध्याकाळी घर इतकं खायला उठलं, की मी आपला कुठलासा सिनेमा लावला. पाचही बाजूंनी आवाज आले. पाठीमागून कोणी चालत गेलं, दार लोटलं, काहीतरी पडलं. खोटी का होईना, घरात वर्दळ झाली. तेव्हापासून रोज लावते. सिनेमा कुठला याच्याशी मला काही देणंघेणं नाही, मला पाठीमागे माणसं हवी असतात. आणि आता नेमकी उजवीकडची माणसंच यायची बंद झाली होती.

दुकानात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "एक बाजू उडाली असणार, काकू. एवढं जुनं मशीन दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही."

लांब राहणाऱ्या लेकाला सांगितलं, तर त्याला आनंदच झाला.

"आई, ते सगळं लटांबर काढून टाक. टीव्हीखाली एक साउंडबार ठेव. लांबट पट्टी असते बघ. एक वायर लावली की संपलं."

"त्यातून मागून आवाज येतो?"

"मागून कशाला हवाय तुला?"

आता याला काय सांगणार, कपाळ! "बरं, बघते," म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी रिसीव्हर घ्यायलाच बाहेर पडले.

दुकानातला सेल्समन सगळ्यात आधी नऊ स्पीकरांचा रिसीव्हर दाखवायला लागला.

"माझ्याकडे पाचच आहेत," मी म्हटलं.

"पुढे वाढवता येतील ना, काकू."

"पुढे म्हणजे कधी? जरा माझ्याकडे बघून बोला."

बिचारा ओशाळला. पैसे मी बेताचेच नेले होते, पण ते कशावर घालवायचे नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं जेवताना ह्यांच्या तोंडून दुसरं ऐकलंय काय? फोनवरून गाणी वाजवणारे, चार खोल्यांत आवाज नेणारे, सगळे बाजूला सारायला लावले. माझे पाच स्पीकर दमछाक न होता सांभाळेल असा साधा हवा होता. शेवटी दोन उरले. मी दोन्ही उचलून पाहिले. हे म्हणायचे, हलक्याच्या पोटात काही नसतं. सेल्समन गालातल्या गालात हसत होता, हसू दे. जड होता तो घेतला. गेल्या वर्षीचं मॉडेल म्हणून त्याने आढेवेढे न घेता किंमतही कमी केली. घरी येताना मी चक्क खुशीत होते.

जोडायला आलेला मेकॅनिक माझ्या लेकाच्याच वयाचा, पोट सुटलेला, बोलका होता.

"तुम्ही कुठे बसता, काकू?"

मी खुर्ची दाखवली. तिथे त्याने माझ्या कानाच्या उंचीवर एक छोटा माइक उभा केला.

"आता मशीन खोलीचा अंदाज घेणार. तोवर घरात कोणी बोलायचं नाही हं, नाहीतर सगळं चुकतं."

"काही काळजी करू नका," मी म्हटलं. "या घराला सवय आहे."

मशीनचं काम झाल्यावर त्याने मला खुर्चीत बसवलं आणि एकेका स्पीकरमधून नुसती खरखर सोडली. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा. मागचा डावाही खणखणीत. मग मागच्या उजव्याची पाळी आली आणि भिंतीपलीकडून यावी तशी काहीतरी कुजबुज आली. माझं डोकंच फिरलं.

"अहो, हाही तसाच निघाला! नव्याकोऱ्या मशीनची ही तऱ्हा?"

"वाजतोय की, काकू. चांगला मोठ्याने वाजतोय."

"मला वेड्यात काढू नका."

तो खरखर तशीच चालू ठेवून म्हणाला, "जरा खुर्ची फिरवून बसा. टीव्हीकडे पाठ करा."

तणतणत फिरले. आणि तोच स्पीकर डाव्या कानात भसकन वाजला, इतका की मी दचकले. पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. पुन्हा भिंतीपलीकडे.

मेकॅनिकने खरखर बंद केली. मग न सांगताच जुनं मशीन जोडून पाहिलं. तेही पाचही बाजूंनी ठणठणीत होतं.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या," तो हळूच म्हणाला आणि मला ऐकू यावं म्हणून डावीकडे येऊन बसला. "घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?"

मला एकदम रडू फुटलं. परक्या माणसासमोर, पदराने तोंड दाबून रडले. कान जातो तेव्हा तो आपल्याला कळत नाही. दुसऱ्याला कळतो. तीनदा हाक मारून चौथ्यांदा चिडणारं माणूस घरात लागतं. माझा उजवा कान कधी गेला, हे सांगू शकेल असं कोणी उरलंच नव्हतं.

त्याने पाणी आणून दिलं. नवीन मशीन परत घ्यायला लावतो म्हणाला, दुकानाशी तोच बोलणार होता. मग जुन्याशी थोडा वेळ घुटमळला.

"मागच्या उजव्याचा आवाज यातही वाढवता येतो, काकू. तुम्हाला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या वाटतील. फक्त दुसरं कोणी इथे बसलं, तर त्याला तो फार कर्कश वाटेल."

"वाढवा," मी म्हटलं. "इथे दुसरं कोणी बसत नाही."