बिनशिट्टीचा कुकर

जनूच्या घरातून दुपारची शिट्टी आली नाही म्हणून बायजाबाई पिठाच्या हातानेच कुंपण ओलांडून आली. तिच्या पाठोपाठ रिक्षावाला सुशील आला, रिक्षा रस्त्यात चालूच ठेवून. मागून काठी टेकत म्हातारी धोंडुबाई आली. तिला कानाने कमी ऐकू यायचं, पण सगळे पळतायत म्हटल्यावर तीही निघाली. तिघांनी दारातून आत पाहिलं. जनू स्टुलावर बसला होता, जिवंत होता, आणि ओट्यावरच्या एका काळ्या गोल डब्याकडे टक लावून बघत होता.

"भावजी, बरा हायस ना?" बायजाबाईने विचारलं.

"हळू बोल गो," जनू म्हणाला. "शिट्टी व्हायची हाय."

शिट्टी होणारच नव्हती. तो विजेवर चालणारा कुकर होता. तो शिट्टी देत नाही, आपला आपण शिजवतो आणि आपला आपण थांबतो, हे जनूच्या मुलीने, मृणालीने, त्याला आदल्या दिवशी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं आणि जनूने प्रत्येक वेळी मान डोलावली होती. भात केव्हाच झाला होता. कुकर तो गरम ठेवून गप्प बसला होता आणि जनू उपाशी त्याच्यासमोर बसला होता.

धोंडुबाईला हे सगळं ओरडून सांगावं लागलं. कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला जनूच्या स्टुलावर बसवून पाणी पाजावं लागलं. तेवढ्यात बाहेर सुशीलची रिक्षा बंद पडली आणि त्यावरही सगळे हसले, सुशील सोडून.

त्या दुपारी जनूला एक गोष्ट कळली. काशीबाई, म्हणजे त्याची बायको, गेल्यापासून सगळी आळी त्याच्या शिट्टीवर कान ठेवून होती. असं कोणी ठरवलं नव्हतं. शिट्टी आली की जनूने भात लावला, म्हणजे आज तो जेवणार. नाही आली की कोणीतरी कालवणाची वाटी घेऊन यायचं. जनूला वाटायचं की लोकांकडे कालवण उरतं. त्याने आणखी तीन ताटं काढली. आधी तिघांना वाढलं, मग स्वतःला. भात मोकळा झाला होता.

कुकर घरात आला तो एका डाळीमुळे. जनूचं गाव वडखळच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. जन्म मिठागरावर गेला, आता थोडी भाताची शेती. दिवाळीनंतर एका दिवशी त्याने गॅसवर डाळीचा कुकर चढवला आणि भरती कुठवर आली ते बघायला बांधावर गेला. बांधावर माणसं भेटली. जिताडा जाळ्यात चांगला सापडतो की गळाला, यावर बोलणं निघालं, आणि जिताड्यावर बोलणं निघालं की त्या गावात कोणी लवकर घरी जात नाही. इकडे कुकरचा वॉल्व्ह उडाला. बायजाबाईने धावत येऊन गॅस बंद केला म्हणून बरं. वॉल्व्ह दुसऱ्या दिवशी नवा बसला, डाळ मात्र छताला जाऊन चिकटली ती तशीच राहिली.

मृणाली रोह्याजवळ अष्टमीला राहायची. तिथे औषधाच्या दुकानात कामाला होती आणि तिचा नवरा धनेश रोह्याच्या एका कंपनीत बॉयलरवर होता. ती रविवारी आली, तिने मान वर करून छत बघितलं आणि तिथेच खाली बसली. मग म्हणाली, बाबा, आता पुरे, आमच्याकडे चल.

अष्टमीचं घर चांगलं होतं. गॅलरीतून कुंडलिका दिसायची, नळाला पाणी होतं. काशीबाईचं दिवसकार्य झाल्यावर जनू तिथे काही दिवस राहिला होता. धनेश शिफ्टला, मृणाली दुकानात, आणि जनूला काम एकच, गॅलरीतल्या मनी प्लांटला पाणी घालायचं. त्याने ते इतकं मन लावून केलं की मनी प्लांट कुजला. शिवाय तिथे त्याला झोप लागली नव्हती. गावच्या घरात काशी नव्हती, पण काशीची जागा होती. अष्टमीला ती जागाही नव्हती. हे त्याने मुलीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघंही रडली असती आणि बोलणं तिथेच राहिलं असतं.

त्याने नुसतं नाही म्हटलं. ती हो म्हणाली. तो नाही. शेवटी धनेश, जो फार बोलत नाही, म्हणाला की मामांना विजेचा कुकर आणून बघूया. मृणालीने त्यातूनच अट काढली. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी बाबाने त्या कुकरात आपल्या तिघांचं जेवण करून घालायचं. जमलं तर रोह्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी बॅग.

जनूने हो म्हटलं. त्याला वाटलं, डबा तर हाय.

शनिवारी कुकर आला. धनेशने त्याच्यासाठी जाड पिनेचा वेगळा पॉइंट बसवला, कारण मिक्सरच्या पॉइंटला त्याचा भार झेपला नसता. कुकरवर बटणंच बटणं होती आणि अक्षरं सगळी इंग्रजी. मृणाली थोडा वेळ विचार करत उभी राहिली, मग आरशापाशी गेली. काशीबाईच्या टिकल्यांचं पाकीट आरशामागे खोचलेलं तसंच होतं. तिने लाल टिकली भाताच्या बटणावर लावली, हिरवी डाळीच्या आणि काळी बंदच्या. "आईच्या हायत," ती म्हणाली. "दाबताना नीट दाब." आणि निघताना बजावलं की काहीही टाक, पण पाणी घाल.

तो आठवडा आळीत कोणाला विसरता येणार नाही. शिट्टी बंद झाल्यामुळे जनू जेवला की नाही हे आता डोकावूनच बघावं लागायचं. डोकावलं की जनू म्हणायचा, ये, चव बघ. तो रोज थोडे जास्त तांदूळ घ्यायला लागला. लाल टिकलीचा भात फर्मास. हिरव्या टिकलीची डाळ अशी शिजायची की रवी फिरवायला नको. कडवे वाल मात्र पार विरघळले. बायजाबाईने ते चमच्यातून ओघळताना पाहिले आणि विचारलं की हे बिरडं खायचं की भिंतीला लावायचं. दुसऱ्या दिवशी जनूने जिताड्याच्या तुकड्यांवर हिरवी टिकली दाबली. झाकण उघडलं तर काटे एका बाजूला आणि जिताडा दुसऱ्या बाजूला. सुशीलने ते तरीही खाल्लं. त्याने सांगितलं की काटे काढायची मेहनत वाचली.

एके दुपारी वीज गेली. कुकर अर्ध्यावर मुका झाला आणि जनूने तांदूळ उचलून गॅसवर नेले. गॅसपाशी तो खुर्ची घेऊन बसला, भात होईपर्यंत हलला नाही. भाकरीसाठीही गॅसच लागायचा, कारण भाकरीची टिकली त्या कुकरात कुठेच नव्हती.

शुक्रवारपर्यंत जनूची छाती फुगली होती. भात, डाळ, रताळी, अंडी, सगळं येत होतं. आता रविवारी नुसता डाळभात घालून जिंकण्यात त्याला मजा वाटेना. पोपटीचे दिवस होते. मळ्यात वालाच्या शेंगा भरल्या होत्या, बांधावर भांबुर्डा माजला होता. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला, मग मडकं पालथं घालून भोवती जाळ, अशी पोपटी काशीबाई दर थंडीत अंगणात लावायची. मृणाली त्यासाठी रोह्याहून यायची. जनूने विचार केला. मडकं म्हणजे काय, तोंड बंद केलेलं भांडं आणि बाहेरून आच. कुकर म्हणजे काय? तेच. त्याने बायजाबाईला विचारलं की पोपटीत पाणी किती घालायचं. ती म्हणाली, "पोपटीत पाणी? काशी असती तर तुला अंगणात उभा ठेवला असता."

तिला काय माहीत तो कशाबद्दल विचारतोय.

रविवारी जनूने कुकरच्या भांड्यात पाला अंथरला. भांडं भरल्यावर त्याच्या लक्षात आलं की उजव्या अंगाला पालाच लागलेला नाही. उजवीकडून नेहमी काशी भरायची. तो डावीकडून. त्याने भांडं फिरवून घेतलं आणि उरलेली बाजूही भरली. मग झाकण फिरवलं आणि पोपटीची टिकली नव्हती म्हणून लाल दाबली. पाण्याचा एक थेंब नाही.

मोटारसायकल दारात थांबली आणि त्याच वेळी कुकर ओरडायला लागला. शिट्टी नव्हे, टीं टीं टीं. कुकरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. घरभर करपलेल्या पाल्याचा वास. जनू काळी टिकली दाबायला धावला, पण कुकर आधीच बंद पडला होता. मृणाली चपला न काढता आत आली. वाफ उरलीच नव्हती, झाकण लगेच निघालं. खाली पाला काळा ठिक्कर, वर अंडी कच्ची, आणि शेंगा तोडून आणल्या तशाच हिरव्या.

"बाबा, पाणी?"

"पोपटीत पाणी कोण घालतो गो?" जनू म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा आवाज उतरला.

दारात एव्हाना सगळी आळी जमली होती. जनूने हात पुसले. म्हणाला, हरलो पोरी, बॅग काढतो. खरंच तो आतल्या खोलीकडे वळला. बायजाबाईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. तिने सांगितलं की बॅग कुठे पळून जात नाही, कोंबडी मात्र खराब होईल. कोणी मडकं आणलं, कोणी पेंढा, कोणी बांधावरून नवा पाला. पोपटी कुकरातून मडक्यात गेली आणि अंगणात जाळ झाला. धोंडुबाई काठीने जाळ सारत होती आणि ज्याला त्याला शिव्या घालत होती. पोपटी झाली असेल तर मडक्यावर पाण्याचा हबका मारला की चर्र करून पाणी लगेच उडायला हवं. ते उडालं तेव्हा सुशील नाचला. मडकं फोडायला त्यालाच दिलं, कारण तो मागत होता.

सगळे शेंगा सोलत बसले. जनूच्या हातातली शेंग तशीच होती. मृणालीही खात नव्हती.

धनेश मात्र अंगणात नव्हता. तो आत ओट्यापाशी कुकरचं भांडं घासत होता. बाहेर आला तो भांडं हातात घेऊन, आणि त्याने ते मृणालीसमोर धरलं. भांडं स्वच्छ होतं, तळाला काही झालं नव्हतं.

"मी बॉयलर बघतो," तो म्हणाला. "पाणी संपलं की बॉयलर आपला आपण बंद पडला पाहिजे, नाहीतर आम्ही कोणी घरी येणार नाही. आज मामांनी पाणी घातलंच नाही, आणि हा बंद पडला. परीक्षा मामांची होती की कुकरची?"

धनेश एका दमात एवढं बोलतो हे कोणाला माहीत नव्हतं. बायजाबाईने तोंडातली शेंग बाहेर काढली.

मृणालीने भांडं हातात घेतलं, आतून बाहेरून फिरवून बघितलं. मग ती बापाकडे वळली.

"मना तुझ्या हाताची भीती नव्हती, बाबा. तुला जेवण येतं. तू टाकून जातोस आणि विसरतोस, त्याची भीती होती."

"मग ऐक," जनू म्हणाला. आता त्याला बोलायला धीर आला. "जे टाकून जाता येतं ते ह्याच्यात. भात, डाळ, अंडी. ज्याच्यासमोर उभं राहावं लागतं ते गॅसवर. भाकरी थापताना माणूस बांधावर जात नाय. कालवणाला उकळी येताना पण नाय. आणि जिताडा ह्याच्यात परत घालणार नाय, शपथ."

"आणि वाल?"

"वाल पण नाय."

बायजाबाई म्हणाली की हे लेखी घ्या. मृणाली हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, पण ते धुरामुळे असेल, धूर भरपूर होता. मग तिने सांगितलं की कुकर राहू दे. थोड्या वेळाने म्हणाली की बाबा पण राहू दे. जनूने हातातली शेंग सोलली आणि दाणे तोंडात टाकण्याऐवजी तिच्या हातावर ठेवले. लहानपणी ठेवायचा तसे. तिने खाल्ले आणि पुढे हात केला, आणखी दे म्हणून.

निघताना तिने पोपटीचा वाटा फडक्यात बांधून घेतला. धनेशने मोटारसायकल चालू केली. ती मागे बसली, फडकं मांडीवर घेतलं आणि तिथूनच बापाकडे वळून ओरडली, "बाबा, उद्या भात लावताना आधी काय?"

जनूने तोंड उघडायच्या आत सगळी आळी एका आवाजात म्हणाली, "पाणी."

धोंडुबाईला प्रश्न ऐकू आला नव्हता. तिने शेजारच्याला विचारलं, त्याने तिच्या कानात सांगितलं, आणि मोटारसायकल वडखळच्या रस्त्याला लागली तेव्हा तिने एकटीनेच काठी उंच करून उत्तर दिलं, "पाणी, गो पाणी."