चंद्राचा नकाशा

ग्रंथालयातल्या नोंदणीच्या बाईंना निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि साहेबांनी नेमकं आत्ताच दुर्मिळ विभागातलं एकूण एक पुस्तक पानं मोजून तपासायला काढलं होतं. विज्ञानाच्या इतिहासाची हजारो जुनी पुस्तकं. धुळीनं नाक चोंदायचं, मान धरायची, घरी गेल्यावर नवऱ्याशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरायचं नाही. पानांत सापडायचं तेही असलंच: कुणाचा केस, चिरडलेला डास, एखादी औषधाची चिठ्ठी.

त्या दुपारी पंपांवरच्या एका जाडजूड पुस्तकाचं शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटलेलं दिसलं. बाईंनी बोथट सुरीनं ते हलकेच सोडवलं. मागे घडी घातलेला कागद होता. तो त्यांनी टेबलावर उलगडला. चंद्राचा नकाशा!

एकोणीस वर्षांपूर्वी हा नकाशा एका ग्रंथातून गायब झाला होता. ग्रंथ तेव्हा बांधणीला होता, म्हणून खापर फुटलं बांधणीकारांवर. त्यांच्या बोटांना कायम खळ लागलेली असायची, म्हणून सगळे त्यांना खळकाका म्हणत. पुरावा काहीच नव्हता. तरी त्यांना तळघरात जुन्या वर्तमानपत्रांवर बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत. आणि तो अहवाल बाईंनीच लिहिला होता.

बाईंनी खळकाकांना फोन लावला.

"काका, चंद्राचा नकाशा सापडला."

"फाटलाय का?" काकांनी विचारलं.

"नाही. पंपांच्या पुस्तकात होता, चिकटलेल्या पानामागे."

"अरे देवा! घडी बसावी म्हणून मीच दाबून ठेवला असेन, आणि माझ्याच हातची खळ लागून पान चिकटलं असेल." काका थकल्यासारखे हसले. "म्हणजे चोर नव्हतो, वेंधळा होतो."

"काका, अहवाल माझा होता..."

"तुमच्यावर राग नाही हो, बाई. पण आमची ही शेवटपर्यंत विचारायची, 'माझ्यापाशी तरी खरं सांगा, घेतलात का?' दोन वर्षं झाली तिला जाऊन." मग म्हणाले, "मुलीला दाखवायला एखादा कागद मिळेल का?"

बाईंनी तसं पत्र मागितल्यावर साहेबांनी हात झटकले. "सापडला ना? मग नोंद करा आणि मिटवा. जुनी मढी कशाला उकरता?"

बाईंनी वाद घातला नाही. तेवढी ताकदच नव्हती. जागेवर बसून त्यांनी स्वतःच पत्र टाइप केलं: नकाशा ग्रंथालयातच होता, बांधणीकारांनी तो नेला नव्हता, माझा अहवाल चुकीचा होता. खाली सही ठोकली.

सुट्टीच्या दिवशी त्या पत्र घेऊन काकांच्या घरी गेल्या. काकांनी भिंग धरून ते दोनदा वाचलं आणि मुलीच्या हातात दिलं. तिनं उभ्याउभ्याच वाचलं.

"बाबा, मी तर कधी विचारलं नव्हतं," ती खाली मान घालून म्हणाली.

"माहीत आहे," काका म्हणाले. "म्हणूनच तुझ्यासाठी मागून घेतलं."

मुलगी चहा टाकायला आत गेली. बाईंचे गुडघे ठणकत होते. त्यांना उठावंसंच वाटेना.